पुढचा डावा जोड

मोहिते काका, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायला मी बसावं हे बरोबर नाही. तुमच्या हाताखालून तीस वर्षांत कितीतरी मुलं शिकून गेली. त्यांतली काही मोठ्या कारखान्यांत आहेत, दोघं तर आपल्याच कॉलेजात शिकवतात. मी तुम्हाला ओळखत होतो एक वर्ष आणि वर थोडे महिने. शिवाय माझं मराठी घरातलं. बोलताना चालून जातं, लिहायला बसलं की निम्मं हिंदीत सुचतं आणि मग एकेक शब्द उलटून पाहावा लागतो.

वर्षाताईंनी मराठी मंडळाच्या अंकासाठी दोन पानं मागितली तेव्हा मी नाहीच म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "बाबांशी शेवटच्या वर्षात सगळ्यात जास्त भांडलास तू. तूच लिही." तुमच्या मुलीला वाटतं आपली सगळी भांडणं गमतीची होती. एक नव्हतं. तेच लिहायचं आहे.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप छातीशी धरून वर्कशॉपमध्ये आलो, तेव्हा तुम्ही एका टांगलेल्या चेसिसखाली पाठीवर पडून ब्रश मारत होता. मी म्हटलं, "सर, मला प्रोजेक्टसाठी मॅडमनी पाठवलंय."

"सर वरच्या मजल्यावर बसतात. इथे काका. काय प्रोजेक्ट?"

मी सांगितलं. विमानातून पॅराशूटनं गाड्या खाली टाकतात. गाडी एका फळीवर पट्ट्यांनी बांधलेली असते, फळीखाली पुठ्ठ्याचे जाळीदार थर असतात, ते चिरडून धक्का गिळतात. तरी थोडा धक्का गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचतोच. एकच गाडी सरावासाठी पुन्हा पुन्हा टाकली तर ती कुठे आणि कितव्या वेळी मोडेल, हे मला कॉम्प्युटरवर काढायचं होतं. घरी हे सांगितलं तेव्हा माझ्या बाबांनी विचारलं होतं, "विमानातून गाडी टाकतात? मुद्दाम?" तुम्ही तसं काही विचारलं नाहीत. उठून बसलात, ब्रश डब्यात ठेवलात आणि म्हणालात, "म्हणजे तुझी गाडी कॉम्प्युटरात पडणार, माझी जमिनीवर. चोट कोणाला लागणार, सांग."

मी हसलो नाही. मला कळलंच नव्हतं की हसायचं असतं.

ब्रशनं तुम्ही चुना लावत होता. भिंतीला लावतात तोच, थोडा डिंक घालून, पातळ. सांगाड्यावर वाळला की वर हूक सोडायचा, सांगाडा पुरुषभर उंचीवरून पुठ्ठ्यावर आदळायचा, आणि मग तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून लोखंड वाचायला बसायचात. जिथे लोखंड ताणलं गेलं असेल तिथे चुन्याचे बारीक पापुद्रे सुटायचे, रेघांरेघांनी. महागडी उपकरणं होती आपल्याकडे, पण ती जिथे चिकटवू तिथलंच सांगतात. चुना सगळीकडचं सांगतो. "मी सगळ्या इंजिनियरांना चुना लावतो," हे तुमचं वाक्य नव्या प्रत्येक मुलाला ऐकावं लागायचं. मलाही दोनदा ऐकावं लागलं.

एक उपकार आधी सांगून टाकतो, कारण तो माझ्या रिपोर्टात कुठेच आलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी मी मोठ्या ऐटीत तुम्हाला स्क्रीन दाखवायला आणली होती. गाडी दहा वेळा टाकली होती मी. दहाही वेळा तेच आकडे, तेच रंग.

"दहाही वेळा सारखंच?"

"हो काका. मतलब मॉडेल पक्कं आहे."

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "दुसऱ्या वेळी टाकलीस ती गाडी नवी होती, की पहिल्यांदा पडलेली?"

प्रत्येक वेळी मी कोरी करकरीत गाडी घेत होतो. तसंच शिकवलं होतं, तसंच सोपं होतं.

"म्हणजे तू दहा गाड्या एकेकदा टाकल्यास," तुम्ही म्हणालात. "फौज इतकी अमीर नाही रे, इंजिनियर साहेब."

त्या एका प्रश्नावर माझे पुढचे तीन महिने गेले. पहिल्या आदळण्यात सांगाडा जेवढा वाकला तेवढा वाकलेलाच दुसऱ्या वेळी घ्यायचा, त्यात साठलेला ताणही घ्यायचा, मग तिसरी वेळ. कॉम्प्युटर रडायचा, मीही. पण प्रोजेक्टमध्ये पुढे मॅडमनी आणि बाहेरच्या परीक्षकांनी ज्याचं कौतुक केलं ते एवढंच होतं, आणि ते तुमचं होतं. परीक्षकांनी विचारलं, "हा विचार कसा सुचला?" मी म्हटलं, "वाचताना." मला तेव्हाच लाज वाटली होती. तुम्हाला सांगितलं नाही.

त्याच वर्षी कॉलेजात एकत्रीकरण आलं. तुमचं वर्कशॉप, शेजारची स्ट्रक्चर लॅब आणि वरची कॉम्प्युटर लॅब मिळून एक केंद्र होणार होतं. आधी यंत्रांवर नव्या नंबरांच्या चिठ्ठ्या लागल्या. मग कोणीतरी येऊन उंची मोजली आणि सांगितलं की सांगाडा टांगून टाकायची चौकट इथून निघेल, तिच्या जागी काचेची खोली येईल. तुम्हाला स्टोअरमध्ये पाठवायचं ठरलं. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे, मी तिथे जाऊन पेनं टाकून बघीन, कितव्यांदा मोडतात." सगळे हसले. त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाही, हे मी पाहिलं होतं.

आणि आपलं भांडण नेमकं त्या आठवड्यांत झालं. म्हणून मला ते जास्त टोचतं.

माझं मॉडेल सांगत होतं की मोडेल ती मागची जागा, जिथे पाट्यांची स्प्रिंग सांगाड्याला लटकते तो हँगर. तुमचा चुना दर वेळी दुसरीकडेच सुटत होता: पुढचा आडवा दांडा डाव्या बाजूला वेल्डिंगनं जोडलाय तिथे. पाचव्या वेळी तिथे चुन्याच्या रेघा बोटभर लांब झाल्या. तुम्ही मला भिंग हातात दिलंत. मी पाहिलं. मला दिसलं. आणि मला राग आला, कारण सबमिशनला वीस दिवस होते.

मग मी तुमच्यावर नजर ठेवू लागलो. तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक वेळी सांगाडा आदळला की पुढच्या वेळेआधी तुम्ही पाना घेऊन त्याचे सगळे बोल्ट पुन्हा कसता. आदळल्यावर लोखंड थोडं वाकतं, बोल्ट ढिले होतात. ढिलेच राहू दिले तर वाकलेला भाग वाकलेलाच बसतो. कसले, तर त्याला जबरदस्तीनं सरळ खेचलं जातं, आणि ती ओढ जाते पुढच्या जोडावर. माझ्या मॉडेलमध्ये बोल्ट कसायला कोणी नव्हतं.

"काका, तो जोड धक्क्यानं नाही तुटत. तुम्ही कसता म्हणून तुटतोय. कसू नका ना."

"तसं करतात," तुम्ही म्हणालात.

"पण का? आदत आहे म्हणून?"

"तसं करतात रे."

मी विचारलं नाही, कोण करतात.

उलट मी म्हटलं, आणि तिथे नवीन केंद्राचे दोन सर उभे होते, "काका, या चौकटीतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे तुमचा पाना." सर हसले. तुम्ही पाना पुसून भिंतीवरच्या खिळ्याला लावलात. त्यानंतर आठ दिवस तुम्ही मला 'इंजिनियर साहेब' म्हणाला नाहीत. नुसतं नावानं हाक मारायचात, आणि तेच जास्त जड जायचं.

रिपोर्टात मी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ असा की पुढच्या डाव्या जोडावरचे तडे हे चौकट चालवणाऱ्या माणसाच्या वारंवार बोल्ट कसण्यामुळे आलेले आहेत, म्हणून ते विचारात घेतलेले नाहीत. बांधलेली प्रत तुम्हाला दाखवायला आणली तेव्हा तुम्ही हात धुऊन आलात आणि म्हणालात, "पुढच्या जोडाचं काय लिहिलंस, ते मराठीत सांग."

मी पान उघडलं. आधीचं वाक्य सांगितलं, नंतरचं वाक्य सांगितलं. मधलं गाळलं.

तुम्ही म्हणालात, "अच्छा." एवढंच. तुम्हाला इंग्रजी हळूहळू वाचता यायचं, मशीनची पुस्तकं तुम्ही वाचायचात हे मला माहीत होतं. प्रत तुमच्याकडे दोन दिवस राहिली. तुम्ही ते वाक्य वाचलंत का, काका? मला याचं उत्तर आता कोण देणार. वर्षाताईंना विचारायची हिंमत होत नाही.

शेवटची भेट स्टोअरमध्ये. तुम्ही कपाटांना नंबर लावत होता. विचारलंत, "रिपोर्ट गेला तिकडे?" हे काम कॉलेजला देणाऱ्या, फौजेच्या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या दफ्तरात तो गेला होता. मी हो म्हटलं.

"पुढचा जोड बघायला सांगितलंस ना?"

"बघतील काका."

हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. खोटं.

तुम्ही गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेराव्याला मी बाबांबरोबर आलो. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी काकूंचे भाऊ बसले होते, सुभेदार मामा. फौजेत गाड्या चालवून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, तू काय शिकतोस, आणि मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अरे, मी चालवल्यात त्या गाड्या. वरून पडलेल्या. गाडी खाली आली की आधी पट्टे कापायचे, मग पाना घेऊन सगळे बोल्ट कसायचे, मगच स्टार्टर. ढिल्या गाडीत कौन बैठेगा? आम्हाला तर उस्तादनं सांगितलं होतं, पहिले पाना, मग देव."

माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, "दर वेळी?"

"हर बार. दाजींना मी सांगितलं होतं ना हे. ते म्हणाले, मग मीही तसंच करतो, नाहीतर माझी गाडी तुझ्या गाडीसारखी कशी होईल?"

काका, ती तुमची आदत नव्हती. तुम्ही ड्रायव्हरचं काम करत होता. माझ्या सगळ्या हिशेबात गाडी होती, फळी होती, पुठ्ठा होता, वाऱ्याचा वेगसुद्धा होता. फक्त गाडीत बसायच्या आधी पाना हातात घेणारा माणूस नव्हता. आणि चौकटीत तो माणूस होता तर मी त्याला चूक म्हटलं.

आंब्याचं लोणचं वाढायला आलेल्या बाईंना मी नको म्हटलं, एवढं आठवतं. घरी येताना बाबा काहीतरी बोलत होते, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॉडेल पुन्हा लावलं. प्रत्येक धक्क्यानंतर बोल्ट कसायचे, मग पुढचा धक्का. चार दिवस चाललं. मी मनात म्हणत होतो, माझंच खरं निघू दे. तुमच्याविरुद्ध असं मागताना वाईट वाटत होतं, पण कुठेतरी सरावाची खरी गाडी उभी होती आणि माझ्या रिपोर्टात लिहिलं होतं की फक्त मागचा हँगर तपासा. सहाव्या वेळी पुढचा डावा जोड स्क्रीनवर लाल झाला, म्हणजे मोडला. मागचा हँगर हिरवाच राहिला.

त्यानंतर मला नीट जेवण गेलं नाही. आपल्या शहरावरून विमानं जाणं काही नवं नाही, लहानपणापासून कोणी मान वर करत नाही. मी करू लागलो. जड, सावकाश आवाजाचं विमान असलं की जास्तच. मला माहीत होतं की गाड्या इथे टाकत नाहीत. तरी मी किल्ला गेटच्या चौकात सायकल थांबवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचो.

मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळे आकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "नवीन केंद्राचं हे पहिलं काम होतं. तुला कळतंय ना?" मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्यांनीच बोलावलं. "पत्र लिही. चूक कुठे झाली ते स्पष्ट लिही. खाली मीही सही करते."

घरी सांगणं जास्त कठीण होतं. बाबा इंदरगंजच्या छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर आहेत, त्यांची शाळा आठवीत सुटली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तोंडी परीक्षा झाली होती, पदवीचा कागद अजून हातात यायचा होता. बाबा म्हणाले, "पास झालास ना? मग स्वतःचा पेपर स्वतःच पुन्हा तपासायला कोण जातं? ते डिग्री अडवतील तर?"

"अडवतील कदाचित."

"आणि तुझं म्हणणं चुकीचं निघालं तर?"

"तर बरंच आहे, बाबा."

ते उठून बाहेर गेले. रागावले होते की घाबरले होते, मला अजून माहीत नाही. दोन्हींत ते सारखेच दिसतात.

पत्र रजिस्टरनं गेलं आणि नवव्या दिवशी परत आलं. ज्या विभागाच्या नावानं पाठवलं होतं तो विभागच उरला नव्हता. तिकडेही एकत्रीकरण झालं होतं, दोन दफ्तरं मिळून एक. ईमेल परत आला. फोन केला तर एकानं दुसरा नंबर दिला आणि दुसऱ्यानं पहिला. मी सुभेदार मामांकडे गेलो. ते म्हणाले, "एकत्र करणं म्हणजे असंच. सब एका छताखाली, आणि कोणालाच ठाऊक नाही कुठल्या खोलीत." मग त्यांनी वही काढली आणि बोट फिरवत एकेक जुना माणूस शोधू लागले. कोणी निवृत्त, कोणी बदलून गेलेला. सातव्या फोनवर त्यांना गाडी जिथे उभी होती त्या वर्कशॉपचा नंबर मिळाला. तिथल्या हवालदारांनी माझं ऐकून घेतलं. म्हणाले, पत्राशिवाय गाडीचा रंग खरवडता येणार नाही. मॅडमनी त्याच दुपारी पत्र पाठवलं.

मग अकरा दिवस काहीच नाही.

त्या दिवसांत मी तुमच्याशी खूप बोललो, काका. बहुतेक वेळा भांडलोच. तुम्ही सरळ का नाही सांगितलंत की ड्रायव्हर कसतात म्हणून मी कसतो? दोन वाक्यांचं काम होतं. मग वाटायचं, मी ज्या आवाजात विचारलं होतं त्या आवाजाला कोणीच दोन वाक्यं दिली नसती. कधी वाटायचं, तुम्ही वाट पाहत होता, मी स्वतः विचारेन म्हणून. पहिल्या वेळी गाडी नवी की जुनी हे तुम्ही विचारलंत. दुसरा प्रश्न मी विचारायचा होता. आणि कधी नुसतीच भीती वाटायची, की पत्र पोचेपर्यंत गाडी एकदा आणखी पडली असेल, कोणीतरी पट्टे कापले असतील, बोल्ट कसले असतील आणि गाडी चालू केली असेल.

परवा, शुक्रवारी, मी बाबांचा डबा घेऊन छापखान्यात गेलो होतो. दारातच फोन वाजला. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, आत मशीनचा खडखडाट, काही ऐकू येईना. मी एक कान दाबून "हां जी, हां जी" करत होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं. कापायचा गठ्ठा तसाच अर्धा सोडून. मालकानं केबिनमधून विचारलं, "क्या हुआ भाई?" बाबांनी त्याला हातानंच थांब म्हटलं.

फोनवर हवालदार होते. म्हणाले, "पीछे वाला हैंगर ठीक है। आगे बाईं तरफ पेंट खुरचवाया। वेल्डिंग पे क्रैक है, दो उँगल का, आधी मोटाई तक गया हुआ।"

मी विचारलं, "गाडी कुठे आहे?"

"खड़ी है। लाइन से हटवा दी। सोमवार को गिरनी थी। ड्राइवर यहीं खड़ा है, कह रहा है दो बार से गाड़ी बाएँ खींच रही थी, किसी ने सुना नहीं।"

मी थँक्यू म्हटलं की नाही, आठवत नाही. फोन बंद झाला. बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

जे त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, काका. मागचा हँगर धड आहे. पुढचा डावा जोड अर्धा फाटला होता, रंगाखाली. ती गाडी सोमवारी टाकणार नाहीत.